शाळेचा निरोप घ्या, शिक्षणाचा नको





या पानावर आम्ही एरवी लिहितो ते बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी. हुमणीला औषध कोणते, सरी किती फुटांची धरावी, तोडीची पाळी केव्हा येणार, हेच आपण आम्हाला विचारता आणि त्याची उत्तरे देणे हे आमच्या शेतकी खात्याचे काम. या खेपेला मात्र विषय जरा निराळा घेतला आहे. आपल्या घरातले जे पोरगं किंवा जी पोरगी यंदा दहावीला आहे, तिच्या पुढच्या शिक्षणाचा हा विषय. ऊसवाल्या साहेबाला यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. गटागटांतून फिरताना बांधावर, गट ऑफिसात, वजनकाट्यापुढे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या रांगेत आमच्या कानावर जे येते, ते एकदा सर्वांपुढे मांडावे असे वाटले म्हणून हा लेख.

निरोपाचा दिवस

जानेवारी-फेब्रुवारी आला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या हायस्कुलांतून दहावीच्या मुलांचे निरोप समारंभ सुरू होतात. कारखान्याचा माणूस म्हणून आम्हालाही अधूनमधून बोलावणे येते. फळ्यावर रंगीत खडूंची नक्षी असते, नववीच्या मुलांनी वर्गणी काढून आणलेली गुलाबाची फुले आणि पेने असतात, हेडमास्तरांचे भाषण होते, मुले शाळेला एखादे घड्याळ भेट देतात, मग दोन-चार जणांची मनोगते आणि शेवटी पोहे. मनोगताला मुलगा उभा राहिला तर तो सरांच्या छडीच्या गोष्टी सांगून वर्गाला हसवतो. मुलगी उभी राहिली की दोन वाक्यांत तिचा गळा भरून येतो आणि पाठोपाठ सगळ्या बाकांवरच्या पोरी रडू लागतात.

लोक म्हणतात, पोरींचा स्वभावच हळवा. आमचे मत वेगळे आहे. मुलगे उद्या पुन्हा पारावर, तालमीत, स्टँडवर भेटणारच असतात. कॉलेजात गेले नाहीत तरी भेटतात. मुलींना शाळा सुटली की भेटायची दुसरी जागा उरत नाही. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या दोघींपैकी कोण पुढे शिकणार, कोण घरी राहणार आणि कोणाला 'पाहायला' पाहुणे येणार, हे त्या दिवशी त्यांना ठाऊक नसते. वाईट वाटते ते याचे की, त्यांच्या घरच्यांनीही तोवर त्याचा विचार केलेला नसतो. ते रडणे हळवेपणाचे नव्हे, ते काळजीचे आहे. आणि ती काळजी दूर करणे आपल्या हातात आहे.

दारातले हायस्कूल आपोआप आले नाही

आज गावात किंवा शेजारच्या गावात हायस्कूल आहे, म्हणून त्याचे काही अप्रूप वाटत नाही. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा कुणब्याच्या पोराने शिकावे हीच नवलाची गोष्ट होती. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. पोरांच्या पोटाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडायला दिले. कॉलेज मात्र तेव्हाही लांबच होते. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे, सांगलीचे विलिंग्डन १९१९ चे. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते १९४७ साली आणि कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ साली. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले आणि कॉलेज ही गोष्ट आपल्या भागातल्या घरांच्या आवाक्यात आली.

सहकारी साखर कारखान्यांनीही यात आपला वाटा उचलला आहे. प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला आणि त्याच्यामागून उभ्या राहिलेल्या अनेक कारखान्यांच्या परिसरात शाळा, वसतिगृहे, कॉलेजे निघाली. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाल्यावर तर कारखान्याच्या धुराड्यालगत कॉलेजची इमारत हे नेहमीचे दृश्य झाले. यातला पुष्कळसा पैसा उसाच्या बिलातून टनामागे कापलेला आहे. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी स्वतः फायनलच्या पुढे न शिकता पुढच्यांच्या शिक्षणासाठी घाम गाळला आहे. त्या कॉलेजच्या बाकावर आपलीच पोरगी बसू नये, याला काय म्हणावे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी मॅट्रिक अकरावीला असे. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आकृतिबंध बदलला आणि अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजकडे गेली. काही हायस्कुलांना जोडून ज्युनियर कॉलेज आहे, पण पुष्कळ गावांतली शाळा आजही दहावीलाच संपते. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला गावाची वेस ओलांडावीच लागते. गळती होते ती नेमकी या वेशीवर. अंगात शिकायची कुवत असते, मार्कही असतात, पण पुढची वाट कोणी आखून दिलेली नसते.

निकालानंतरचे चार दिवस

आपण बेणे निवडताना किती चोखंदळ असतो, ते आम्ही रोज पाहतो. नऊ ते अकरा महिन्यांचा बेणेमळा हवा, डोळे फुगीर हवेत, खोडव्याचे बेणे नको. ८६०३२ लावावा की फुले २६५, यावर चार माणसे तास-तास बोलतात. रान चोपण आहे का, पाणी उन्हाळ्यात टिकेल का, याचा विचार होतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहणार, म्हणून लागणीच्या आधी दोन-तीन महिने तयारी चालते.

आता पोराच्या कॉलेजचा निर्णय कसा होतो ते पाहा. मे महिन्यात निकाल लागतो. शेजाऱ्याचा पोरगा सायन्सला गेला, म्हणून आपलाही सायन्सला. पाहुण्यांनी सांगितले अमुक ॲकॅडमी भारी आहे, म्हणून तिथे. पोराला विचारले का, असे आम्ही एका सभासदांना सहज विचारले, तर ते म्हणाले, "त्याला काय विचारायचं साहेब? त्याला काय कळतंय?" ज्याला पुढची पाच-सहा वर्षे ते शिकायचे आहे त्याला कळत नाही आणि शेजाऱ्याला कळते, हा कुठला हिशेब?

सायन्सबद्दल तर स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडची बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात. फार तर गणित आणि विज्ञान सेमी इंग्रजीत. अकरावी सायन्सला गेले की पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र सगळे एकदम इंग्रजीतून. दहावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवलेले पोर पहिल्या चाचणीत आपटते, घाबरते, घरी बोलत नाही. त्याला ढ समजू नका. भाषेचा तो धक्का असतो आणि सहा-आठ महिन्यांत तो ओसरतो. मात्र घरच्यांनी तेवढा दम धरला पाहिजे. दहावीची परीक्षा संपल्यावर निकालापर्यंत दोन महिने मिळतात. ते लग्नाच्या वराती आणि मोबाइलमध्ये घालवण्याऐवजी रोज तासभर इंग्रजी वाचले, शास्त्रातले इंग्रजी शब्द पाठ केले, तर निम्मे ओझे तिथेच हलके होते.

आणि सायन्स म्हणजेच शिक्षण, असे थोडेच आहे? कॉमर्सला गेलेला पोरगा पतसंस्थेत, बँकेत, स्वतःच्या धंद्यात उपयोगी पडतो. आर्ट्सला गेलेल्या मुलीला शिक्षिकेचे आणि स्पर्धा परीक्षांचे दार उघडे असते. दहावीनंतर आय.टी.आय. आहे. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्याविना आपल्या कारखान्याची एक मिलसुद्धा फिरणार नाही. तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे, तो करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. कृषी पदविका आहे. आम्ही स्वतः तीच केली आणि आज आपल्या रानात आपल्याशी बोलत उभे आहोत. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्याला पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाकडे जाता येते. वाटा पुष्कळ आहेत. कोणत्या रानात कोणते बेणे येईल हे जसे माती पाहून ठरवतो, तसे पोर पाहून शाखा ठरवावी, एवढेच आमचे म्हणणे.

एक बिल, दोन पोरे

आता जरा कडू वाटेल असे लिहितो. राग मानू नये.

एकाच घरात मुलगा आणि मुलगी पाठोपाठ दहावी होतात. मुलाला साठ टक्के, मुलीला पंच्याऐंशी. मुलासाठी शहरातली ॲकॅडमी, होस्टेल, मेस, गाडी. मुलीसाठी, "जवळच्या कॉलेजात नाव घाल, जमलं तर जाईल." दोघांचा पैसा एकाच उसाच्या बिलातून येतो. त्या उसाची लागण करताना, भांगलण करताना, खत टाकताना मुलगीही रानात असते. बिल निघाले की वाटणीत मात्र ती नसते. आम्ही हे एका घरातले सांगत नाही. अशी घरे प्रत्येक गटात आहेत.

कारणे विचारली तर तीन मिळतात. पहिले एस.टी.चे. "सकाळची गाडी सहाला हाय, संध्याकाळची सातनंतर येती. पोरीला अंधारात कशी पाठवायची?" कारण खोटे नाही, काळजी खरी आहे. पण म्हणून कॉलेज बंद करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. रस्ता खराब झाला म्हणून आपण ऊस घालवायचा थांबतो का? दहा जण मिळून मुरूम टाकतो. तसेच इथे. एका गावातून दहा-बारा मुली जाणार असतील तर त्यांची नावे घालून ग्रामपंचायतीचा ठराव आगाराकडे द्यावा, गाडीची वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळवून मागावी, एकदा नाही झाले तर पुन्हा मागावी. पंचवीस जणांच्या सह्यांच्या कागदाला एकट्याच्या तोंडी तक्रारीपेक्षा वजन असते, हे सहकारात वाढलेल्या माणसांना आम्ही काय सांगावे? आणि मुली घोळक्याने जाऊ लागल्या की काळजी निम्मी होते.

दुसरे कारण पैशाचे. यात अर्धी अडचण माहिती नसण्याची आहे. अनुदानित ज्युनियर कॉलेजात मुलींना बारावीपर्यंतची शिकवणी फी शासनाने १९८० च्या दशकातच माफ केली आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट मिळतो. त्यापुढच्या विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना तिकीट निम्मे आहे. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की, इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातील मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा, एवढे पाहावे लागते. पैसे भरून कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही.

तिसरे कारण कोणी तोंडाने सांगत नाही. "शेवटी परक्याच्याच घरी जायची." याला आमचे उत्तर असे. कायद्याने मुलीचे लग्न अठराच्या आत होत नाही. दहावी पास मुलगी सोळाची असते. मधली दोन वर्षे तिने घरात बसून काय करायचे? बारावी सहज होते. दुसरे, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. उद्या सात-बारावर तिचे नाव लागणार, कारखान्याच्या शेअरला वारस म्हणून तिची सही लागणार. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करणाऱ्या आयाबाया आपण पाहिल्या आहेत, आणि त्या सहीचे पुढे काय होते तेही पाहिले आहे. तिसरे, ती ज्या घरी जाईल तेही बहुधा उसाचेच घर असेल. तिथला हिशेब, पोरांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी तिलाच पाहावे लागेल. शिकलेली सून सर्वांना हवी आणि आपली मुलगी मात्र दहावीवर थांबवायची, हे गणित जुळत नाही.

"शिकून तरी काय उपयोग?"

हा सवाल आम्हाला बांधावर नेहमी ऐकू येतो. "साहेब, आमच्या भावकीत तीन बी.ए. झालेली पोरं रिकामी फिरत्यात. ना नोकरी, ना रानात पाय." या बोलण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. नोकऱ्या कमी आहेत, पदवी घेऊन घरी बसलेले तरुण प्रत्येक गावात आहेत. पण जरा जमिनीचा हिशेब करून पाहू. बापाला चार एकर ऊस, दोन मुलगे. उद्या प्रत्येकाला दोन एकर. एकरी चाळीस टन धरले तर ऐंशी टन, त्यातून खते, पाणी, मजुरी, सोसायटीचे व्याज वजा जाता एका घराचे वर्ष निघते का? आपणच सांगा. म्हणजे एकाला तरी दुसरी मिळकत लागणार आणि ती हातातल्या कसबाशिवाय मिळणार नाही.

जो रानात राहील त्यालाही आता शिक्षणावाचून चालत नाही. माती परीक्षणाचा अहवाल वाचायचा आहे, ठिबकातून खत किती सोडायचे हे मोजायचे आहे, २०२१ पासून पीकपाण्याची नोंदसुद्धा मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीत स्वतःच करायची आहे. बी.ए. झालेला रानात जात नाही, यात दोष शिक्षणाचा कमी आणि आपल्या बोलण्याचा जास्त आहे. "नीट शीक, नाहीतर शेण काढावं लागंल," असे आपणच त्याला पहिलीपासून ऐकवतो. शेती ही शिक्षा आहे असे शिकवायचे आणि शिकल्यावर तो शेतात येत नाही म्हणून रडायचे, हे बरे नव्हे.

पैशाची तजवीज आधी

कॉलेजची फी जून-जुलैत भरावी लागते. त्याच सुमारास आडसालीची लागण, बेणे, लागणीचा डोस. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण हप्ते कसे येतात हा अनुभव प्रत्येकाचा आपापला आहे. हंगामात आलेले पैसे सोसायटी, उधारी आणि लग्नकार्यात जातात आणि जूनमध्ये फीसाठी सावकाराचे दार किंवा बायकोचे गंठण. यावर उपाय साधा आहे. पोर आठवीत गेले की प्रत्येक बिलातून टनामागे शंभर रुपये त्याच्या नावाने वेगळे ठेवावेत. ऐंशी टन ऊस असेल तर वर्षाला आठ हजार, दहावीपर्यंत तीन हंगामांत चोवीस हजार. अकरावीचा प्रवेश, पुस्तके, कपडे, होस्टेलची अनामत एवढ्याला हातभार लागतो. घरात दोन पोरे असतील तर दोघांच्या नावे निम्मे-निम्मे. मुलाच्या नावे जास्त आणि मुलीच्या नावे कमी, असे नको.

दाखल्यांचेही तसेच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवास, नॉन-क्रिमीलेयर, ज्याला जे लागते ते निकालाआधीच काढून ठेवावे. जूनमध्ये तहसील कचेरीपुढची रांग आपण पाहिलीच आहे. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे असेल तर जात पडताळणी लागते आणि तिला महिने लागतात, म्हणून ते काम अकरावीतच सुरू करावे. अकरावीचे प्रवेश २०२५ सालापासून सबंध राज्यात ऑनलाइन झाले आहेत. फॉर्म भरताना कॉलेजांचा पसंतीक्रम पोराला जवळ बसवून भरा. नेट कॅफेवाल्यावर सोपवू नका.

हंगाम आणि परीक्षा

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आपली तोडही त्याच दिवसांत ऐन भरात. टोळी रानात आली की घरातले सगळे हात लागतात हे आम्हाला माहीत आहे. तरी विनंती अशी की, दहावी-बारावीच्या पोराला त्या दोन महिन्यांत ट्रॉलीमागे आणि मुकादमाच्या हाताखाली पाठवू नका. तोडीची अडचण असेल तर चिटबॉयला सांगा, गट ऑफिसला या. रानातले काम चार दिवस मागेपुढे करता येते, बोर्डाच्या पेपराची तारीख पुढे जात नाही.

आणि आपल्या फडात तोडीला जी कुटुंबे बीडकडून, नगरकडून येतात, त्यांच्या लेकरांकडेही एकदा पाहा. ऑक्टोबरात गाव सोडायचे आणि मार्चअखेर परतायचे, त्यामुळे त्यांची शाळा दहावीच्या कितीतरी आधीच सुटते. जवळच्या साखरशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या पोरांना बसवायला ज्याच्या रानात टोळी आहे त्या सभासदाने मुकादमाला एक शब्द टाकला, तरी पुष्कळ काम होते.

पोर गेल्यावर

ट्रेमधले ऊसरोप रानात लावले की पहिले दोन-चार दिवस ते मान टाकते. म्हणून आपण ते उपटून पाहत नाही. हलके पाणी देतो आणि वाट पाहतो. होस्टेलवर गेलेल्या पोराचे असेच असते. नवे गाव, नवी भाषा, मेसचे जेवण, हायस्कुलात सर नावाने हाक मारायचे, इथे शंभरांच्या वर्गात नावही कोणाला ठाऊक नाही. पहिल्या महिन्यात ते फोनवर रडले तर "एवढे पैसे घातले, आता गप शीक," असे म्हणू नका. "काय जेवलास? कोण मित्र झाला?" असे विचारा. महिन्यातून एकदा आई-वडिलांपैकी कोणीतरी जाऊन यावे, वर्गशिक्षकांना भेटावे. आणि सुट्टीत घरी आले की त्याला पाहुणा करू नका, रानात बरोबर न्या. गावाशी नाते तुटता कामा नये.

शेवटी एक सूचना, आमच्या खात्याच्या कामाशी जोडलेली. ऊस नोंदीसाठी आमचा चिटबॉय आपल्या घरी येतो तेव्हा तो लागणीची तारीख, जात, क्षेत्र विचारतो. त्याच वेळी त्याने घरातली दहावी-बारावीची मुले-मुली विचारून घ्यावीत आणि गटवार यादी करावी, असे आम्ही वरिष्ठांपुढे मांडणार आहोत. कोणत्या गावातून किती मुली कॉलेजला जाऊ शकतात हे एकदा कागदावर आले, तर आगाराकडे गाडी मागायला आणि कॉलेजकडे चौकशी करायला आधार होईल. मंजुरी देणे आमच्या हातात नाही. पण वार्षिक सभेत आपण भाव आणि काटा यांवर बोलता तसे यावरही बोललात, तर हे काम पुढे सरकेल.

तोवर एवढे करा. आज रात्री जेवणे झाल्यावर दहावीतल्या पोराला, विशेषतः पोरीला, जवळ बसवा आणि विचारा, "बाळा, तुला पुढं काय शिकायचं?" आणि ती काय म्हणते ते मधे न बोलता ऐका.

कळावे, लोभ असावा.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी खाते